३०६० की ४०६०: जास्त मेमरीचं जुनं कार्ड, कमी मेमरीचं नवं

नाशिकमध्ये मध्यम बजेटचा पीसी बांधायला निघालेला माणूस हमखास दोन ग्राफिक्स कार्डांपाशी (पडद्यावरचं चित्र रचणाऱ्या भागांपाशी) येऊन अडकतो. दुकानदार नवं आरटीएक्स ४०६० पुढे करतो आणि ओळखीतला कोणीतरी वापरलेलं आरटीएक्स ३०६० स्वस्तात द्यायला तयार असतो. दोन्ही एनव्हिडिया कंपनीची, नावात एका आकड्याचा फरक. पण जुन्यात १२ जीबी मेमरी आणि नव्यात ८. मोबाइल घेताना जीबी मोजायची सवय लागलेल्यांचं डोकं इथे चक्रावतं.

३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं, ४०६० जून २०२३ मध्ये. जुन्यात ३५८४ कूडा कोअर (गणितं करणारे छोटे भाग) होते, नव्यात ३०७२. कोअर कमी होऊनही नवं कार्ड वेगवान आहे, कारण तैवानच्या टीएसएमसी कंपनीकडे बनलेली त्याची चिप २.४६ गिगाहर्ट्झपर्यंत पळते. सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनलेली ३०६० ची चिप १.७८ च्या आसपास थांबते. कोअरची संख्या, घड्याळाचा वेग आणि दर ठोक्याला दोन गणितं असा गुणाकार केला तर ३०६० ला १२.७ टेराफ्लॉप्स (सेकंदाला इतकी लाख कोटी गणितं) मिळतात, ४०६० ला १५.१. म्हणजे १९ टक्क्यांच्या आसपास फरक. १०८०पी (फुल एचडी) वर गेम खेळताना साधारण १५ ते २० टक्केच जाणवतो, अधिक बारीक चित्राच्या १४४०पी वर त्याहून कमी.

मग जाहिरातीत ४०६० च्या वेगाचे खांब एवढे उंच का दिसतात? फ्रेम जनरेशनमुळे. दोन खऱ्या फ्रेमच्या (पडद्यावरच्या सलग चित्रांच्या) मध्ये एक फ्रेम कार्ड स्वतः रचून घालतं. एनव्हिडियाच्या डीएलएसएस ३ या तंत्राची ही सोय ३०६० ला नाही. चित्र गुळगुळीत होतं हे खरं, पण माऊस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेमच्याच वेगाने येतो. मूळ वेग सेकंदाला ३० फ्रेम असेल तर पडद्यावर ६० दिसले तरी हाताला ३० च लागतात. शिवाय या रचलेल्या फ्रेमनाही मेमरी लागते, आणि ४०६० मध्ये नेमकी तीच कमी आहे.

मेमरीचा हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे. ३०६० ची बस, म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यातला रस्ता, १९२ बिटची. एका मेमरी चिपला ३२ बिट लागतात, म्हणून सहा चिप. प्रत्येकी २ जीबी, झाले १२. ४०६० ची बस १२८ बिटची, म्हणून चार चिप आणि ८ जीबी. म्हणजे १२ हा आकडा औदार्यातून आला नाही. त्या बसवर ६ किंवा १२ हेच पर्याय होते, आणि ६ फारच कमी पडले असते. बस अरुंद झाल्याने माहिती वाहण्याचा वेगही सेकंदाला ३६० जीबीवरून २७२ वर आला. त्याची भरपाई चिपच्या आतल्या छोट्या, वेगवान मेमरीने, म्हणजे एल२ कॅशने केली आहे: ३०६० ला ३ एमबी, ४०६० ला तब्बल २४. मसाल्याचा डबा ओट्यावर असला की दर फोडणीला कोठीच्या खोलीत जावं लागत नाही, तसंच. गेममध्ये तोच तोच डेटा पुन्हा लागतो, म्हणून ही युक्ती छान चालते. ज्या कामात दरवेळी अख्खी कोठीच उपसायची असते, तिथे ती चालत नाही.

असं काम म्हणजे घरच्या पीसीवर चालवलेलं एआय मॉडेल. ८ अब्ज पॅरामीटरचं (मॉडेलने शिकलेल्या आकड्यांचं) मॉडेल दर आकडा ४ बिटमध्ये दाबून दोन्ही कार्डांवर बसतं. १४ अब्जवालं साधारण ९ जीबी मागतं. ते ३०६० मध्ये मावतं, ४०६० मध्ये नाही. आणि जे दोन्हीकडे मावतं तेही ३०६० वर जास्त वेगाने शब्द टाकतं, कारण दर शब्दाला जवळपास संपूर्ण मॉडेल मेमरीतून वाचावं लागतं. इथे दोन वर्षांनी जुनं कार्ड सरळ जिंकतं.

गंगापूर धरण, सोमेश्वर, अंजनेरी इथे प्री-वेडिंग शूट करून रात्री एडिटिंगला बसणाऱ्यांचा निवाडा मात्र इतका सोपा नाही. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ४के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे घालवणं) लावलं की ८ जीबी भरतात आणि मेमरी संपल्याचा संदेश येतो. दुसरीकडे ४०६० मध्ये एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये फाइल बनवणारा एन्कोडर आहे, ३०६० मध्ये नाही. ते एव्ही१ फक्त वाचू शकतं. ग्राहकाला फाइल एच.२६४ या जुन्या फॉरमॅटमध्येच द्यायची असेल तर एव्ही१ चं कौतुक फुकट, म्हणून माझा कौल ३०६० ला. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर इमारती रेंडर करणाऱ्या आर्किटेक्चरच्या मुलांनी आपल्या सीनला किती मेमरी लागते ते आधी पाहावं. मावत असेल तर ४०६० लवकर संपवतं. केवळ गेम खेळायचे असतील तर ४०६०.

मदरबोर्ड जुना असेल तर आणखी एक गोष्ट. ४०६० पीसीआयईच्या (कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या रस्त्याच्या) ८ लेनच वापरतं, ३०६० १६. बी४५० सारख्या जुन्या पीसीआयई ३.० बोर्डवर ४०६० चा रस्ता निम्मा होतो. एरवी फारसं बिघडत नाही, पण मेमरी भरून डेटा पीसीच्या रॅमकडे ये-जा करू लागला की गेम अडखळतो.

वीज वापरात ४०६० निर्विवाद पुढे आहे: ११५ वॅट, समोर ३०६० चे १७०. रोज चार तास पूर्ण ताकदीने चालवलं तर महिन्याला साडेसहा युनिट वाचतील, त्यात बिलाला काही मोठा फरक पडत नाही. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात खोली कमी तापते आणि लाइट गेल्यावर यूपीएस थोडा जास्त टिकतो, एवढाच खरा फायदा.

वापरलेलं ३०६० घेताना सापळा नावातच आहे. २०२२ च्या शेवटी याच नावाने ८ जीबीचं कार्ड आलं. कोअर तेवढेच, पण बस १२८ बिट आणि वेग सेकंदाला २४० जीबी. ना जुन्याची मेमरी, ना नव्याची कॅश. पैसे देण्याआधी जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून बसची रुंदी बघा. १९२ दिसली नाही तर सौदा सोडा. पंख्यांचा आवाज ऐका आणि अर्धा तास लोड टाकून तापमान पाहा, कारण २०२१ मधली बरीच कार्डं क्रिप्टो चलनाच्या मायनिंगमध्ये रात्रंदिवस राबली आहेत.

आता ५०६० आलंय, त्याची जीडीडीआर७ या नव्या प्रकारची मेमरी बरीच वेगवान आहे, पण तीही ८ जीबीच. आणि लॅपटॉप घेणाऱ्यांनी वरचं काही धरून चालू नये. लॅपटॉपच्या ३०६० ला ६ जीबी असते आणि ४०६० ला ८, त्यामुळे तिथे नवंच घ्यावं, फक्त कंपनीने त्याला किती वॅट दिलेत ते विचारून.