जीपीएस उंची : फिटनेस ॲपमधील तफावत

एकाच वाटेवर एकाच वेळी केलेल्या नोंदींत समुद्रसपाटीपासूनची उंची किंवा एकूण चढ ॲपगणिक वेगळा दिसणे. यवतेश्वर घाटातून कासच्या दिशेने जाणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या धावपटूंना आणि अजिंक्यताऱ्यावर रोज चढणाऱ्यांना हा अनुभव परिचित आहे. दोन ॲपमध्ये ६०–७० मी. फरक पडला की फोन बिघडल्याची शंका घेतली जाते. प्रत्यक्षात इतका मोठा आणि सर्व वाटेवर सारखाच राहणारा फरक बहुधा उंचीचे शून्य कोठे धरले यातून येतो.

शून्य पातळी : उपग्रहांवरून गणित करून मिळणारी मूळ उंची डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक मापन-प्रमाणातील विवृत्ताभापासूनची (ध्रुवांशी किंचित चपट्या गोलापासूनची) असते. हा पृथ्वीचा गणिती आकार असून त्याची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७८,१३७ मी. धरली आहे. नकाशातील उंची मात्र माध्य समुद्रपातळीपासून मोजतात. ही पातळी जमिनीखालूनही पसरली आहे असे कल्पिल्यास जो पृष्ठभाग मिळतो, तो जिऑइड. पृथ्वीच्या पोटातील वस्तुमान सर्वत्र सारखे नसल्याने जिऑइड वरखाली होतो. भारताच्या बहुतेक भागात तो विवृत्ताभाच्या खाली आहे आणि श्रीलंकेच्या दक्षिणेस हिंदी महासागरात तर सुमारे १०६ मी. खाली जातो. जिऑइडचा जगातील हा सर्वांत खोल खळगा होय. त्याच्या उतारावर असलेल्या सातारा–सांगली भागात हे अंतर साधारण ६० ते ८० मी. भरते. सातारा शहराची उंची सुमारे ७४२ मी. सांगितली जाते, पण विवृत्ताभापासून मोजल्यास ती ७०० मी.च्या खाली येते.

या खळग्याच्या उत्पत्तीविषयी मतभेद आहेत. टेथिस या प्राचीन, आता लुप्त समुद्राच्या तळाचे प्रावरणात (पृथ्वीच्या कवचाखालील जाड थरात) बुडालेले अवशेष त्यास कारण असावेत, असे एक मत आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संगणकीय प्रतिकृतींनुसार, आफ्रिकेखालील खोल प्रावरणातून वर येणारे उष्ण, हलके द्रव्य विचारात घेतल्याशिवाय खळग्याचा आकार जुळत नाही. आजचे स्वरूप त्यास सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी आले असावे. खळग्याचा आकार आणि जागा दोन्हींचा उलगडा होत असल्याने हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांतील उंचीचा पाया वेगळाच आहे. मुंबईचे अपोलो बंदर, कारवार, कराची, मद्रास इत्यादी नऊ ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून १९०९ मध्ये तो निश्चित झाला. ईजीएम ९६ किंवा ईजीएम २००८ या जिऑइडच्या जागतिक प्रारूपांशी तो तंतोतंत जुळत नाही, परंतु ॲपमधील फरकांपुढे ही विसंगती नगण्य आहे.

अँड्रॉइड प्रणाली ॲपला पूर्वापार विवृत्ताभापासूनची उंची देत आली. समुद्रपातळीची उंची देण्याची वेगळी सोय अँड्रॉइड १४ मध्ये आली. आयफोन प्रथमपासून समुद्रपातळीची उंची देतो. ॲपकर्त्याने रूपांतर केले नाही, तर तोच फोन दोन ॲपमध्ये दोन उंच्या दाखवतो.

मोजण्याची साधने : उपग्रह केवळ क्षितिजाच्या वर दिसतात, खालून पडताळा मिळत नाही. म्हणून उभी चूक आडव्या चुकीच्या दीडपट ते तिप्पट असते. घाटात डोंगर अर्धे आकाश झाकतो, तेथे ती आणखी वाढते. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो, त्यावरून उंची काढणारे दाबमापक असलेले घड्याळ लहान चढ-उतार अधिक चांगले टिपते, मात्र त्यास हवामानाची बाधा होते. साताऱ्याच्या उंचीवर दाब एक हेक्टोपास्कलने (हवेच्या दाबाचे एकक) घटला, तर सुमारे ९ मी. चढ धरला जातो. उष्ण कटिबंधात सकाळी दहाच्या सुमारास दाब सर्वाधिक असतो आणि दुपारी चारपर्यंत साधारण ३ ते ४ हेक्टोपास्कलने उतरतो. त्यामुळे घरी टेबलावर ठेवलेले घड्याळही दुपारपर्यंत तीसेक मीटर ‘चढते’. पावसाचे पाणी किंवा घाम दाबाच्या छिद्रात साचल्यानेही चूक होते.

काही ॲप मोजलेली उंची बाजूला ठेवून भूपृष्ठाच्या अंकीय प्रारूपातून (जमिनीच्या उंचीच्या संगणकीय नकाशातून) ती घेतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अवकाशयानातून ११ दिवसांत रडारने केलेले एसआरटीएम हे भूपृष्ठाचे मापन यासाठी बरेच वापरले जाते. त्यातील एकच उंची धरलेली चौकट सुमारे ३० मी.ची, जुन्या आवृत्तीत ९० मी.ची असते. यवतेश्वरचा रस्ता उतारावर कोरलेला असल्याने एका चौकटीत रस्ता, कडा आणि दरी एकत्र येतात. आडव्या दिशेने दहा मीटरची चूकही तेथे खोटा चढ निर्माण करते.

एकूण चढ : येथे ॲपमधील मतभेद सर्वाधिक. किती लहान चढ मोजायचा, याचे सर्वमान्य प्रमाण नाही. स्ट्राव्हा हे ॲप दाबमापकाच्या नोंदीत सुमारे २ मी., इतर नोंदींत १० मी. सलग चढ झाल्यावरच तो धरते.

सांगली–मिरजेच्या सपाट भागात प्रत्यक्ष चढ अल्प असल्याने अशा नियमांचा परिणाम तुलनेने मोठा दिसतो. कृष्णेवरील आयर्विन पूल (१९२९) ओलांडताना प्रारूपावर विसंबणारे ॲप पुलाऐवजी नदीपात्राची उंची घेऊ शकते. मग उतरून पुन्हा चढल्याची नोंद होते. दाबमापकाच्या मूळ आकड्यांत हा चढ नसतो.