बाबासाहेबांचा राजीनामा फक्त हिंदू कोड बिलापायी?

दर एप्रिलमध्ये एक पोस्ट फिरते: हिंदूंचे विवाह, घटस्फोट, वारसा यांचे कायदे सुधारून एकत्र आणणारं हिंदू कोड बिल अडवलं म्हणून डॉ. आंबेडकरांनी कायदामंत्रिपद सोडलं आणि संसदेलाही रामराम ठोकला. पहिलं अर्धसत्य, दुसरं साफ चूक.

राजीनामा 27 सप्टेंबर 1951 चा. त्यामागची कारणं सांगायला ऑक्टोबरमध्ये ते सभागृहात उभे राहणार होते. पण पीठासीन उपाध्यक्षांनी निवेदनाची प्रत आधी मागितली. बाबासाहेबांना ही सेन्सॉरशिप वाटली. ते तडक बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिलं. मुंबई हायकोर्टात वकिली केलेल्या बॅरिस्टरचाच तो मसुदा, एकेक मुद्दा क्रमाने मांडलेला. नियोजन खातं मिळालं नाही, मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या समित्यांपासून दूर ठेवलं. अनुसूचित जातींची उपेक्षा झाली. परराष्ट्र धोरण आणि काश्मीर हाताळणी पटली नाही. 350 कोटींच्या महसुलातले 180 कोटी लष्करावर जातात, हा हिशेबही त्यात आहे. हिंदू कोड शेवटी येतं. चार कलमं मंजूर झाल्यावर ते गुंडाळलं गेलं, हा घाव सर्वांत खोल होता, यात वादच नाही. पण बाकीचं गाळलं की मंत्री म्हणून झालेली त्यांची घुसमट दिसतच नाही.

आणि संसद? 1952 ची लोकसभा ते मुंबईत नारायण काजरोळकरांकडून हरले, हे खरं. त्याच वर्षी मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. 1954 मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूकही लढवली. तिथेही हार पत्करावी लागली. 6 डिसेंबर 1956 रोजी निधन झालं तेव्हा ते राज्यसभेचे सदस्य होते.