बाळाची किरकिर: भुकेची आणि झोपेची

पहिल्या काही महिन्यांत बाळ रडू लागले की भोवतालची माणसे बहुधा त्याला भूक लागली असे ठरवून मोकळी होतात. हा अंदाज पुष्कळदा खरा ठरतो, कारण नवजात बाळ 24 तासांत साधारणपणे 8 ते 12 वेळा दूध पिते. परंतु तेच बाळ दिवसरात्र मिळून 14 ते 17 तास झोपतेही, आणि झोपेची वेळ टळून गेल्यावर होणारी त्याची किरकिर भुकेच्या रडण्याशी इतकी मिळतीजुळती असते की नुसत्या आवाजावरून दोन्ही वेगळी ओळखणे अवघड जाते. म्हणून रडणे सुरू होण्याआधी बाळ काय करत होते, हे आठवून पाहणे अधिक उपयोगी पडते.

भूक पायरीपायरीने वाढते. बाळ आधी ओठ चाटते, जीभ बाहेर काढते, मान वळवून तोंडाने शोधू लागते, मूठ तोंडाशी नेते, आणि याकडे कोणाचे लक्ष गेले नाही तर शेवटी रडते. रडणे ही भुकेची उशिराची खूण आहे. त्या अवस्थेला पोहोचलेल्या बाळाला स्तन नीट तोंडात धरताही येत नाही, त्यामुळे आधी छातीशी धरून त्याला थोडे निववावे आणि मगच पाजावे.

थकव्याच्या खुणा याहून पुसट असतात. बाळ समोरच्या चेहऱ्यावरून नजर काढून घेते, शून्यात पाहते, हालचाली मंदावतात, भुवयांभोवती लाली येते. जांभई आणि डोळे चोळणे सर्वांना ठाऊक असते, पण तेथपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. त्यानंतर गाडी उलट दिशेने जाते: पेंगण्याऐवजी बाळ अधिकच चुळबुळते, हातपाय झाडते, पाठीची कमान करते आणि कुशीत घेतले तरी अंग ताठ ठेवते. नेमक्या याच वेळी त्याला ‘अजून झोप आलेली दिसत नाही’ असे समजून खुळखुळा दाखवला जातो. येथे घड्याळाची मदत घ्यावी. अगदी लहान बाळाला सलग जागे राहणे जेमतेम तासभर झेपते, तर तीन-चार महिन्यांच्या बाळाला दीड ते दोन तास.

काही खुणा मात्र दोन्हीकडे सारख्याच दिसतात, आणि खरा घोटाळा तेथेच होतो. दोन-तीन महिन्यांचे बाळ पोट भरलेले असतानाही मुठी चोखते. थकलेले बाळ खांद्यावर तोंड घासते, ते दूध शोधल्यासारखे भासते. ‘छातीशी घेताच गप्प झाले, म्हणजे भूकच होती’ हा पुरावा तर सर्वांत फसवा, कारण दूध मिळो वा न मिळो, चोखण्याच्या क्रियेनेच बाळ शांत होते. त्यापेक्षा ते कसे पिते हे पाहावे. भुकेले बाळ लयीत चोखते, गिळल्याचा आवाज येतो, आणि पोट भरत जाते तशा घट्ट मिटलेल्या मुठी सैल पडतात. थकलेले बाळ चार घोट घेऊन डोळे मिटते किंवा तोंड सोडून पुन्हा रडू लागते.

तरीही संशय असेल तेव्हा आधी पाजून पाहावे, असे माझे मत आहे. पहिल्या काही आठवड्यांत एखादे पाजणे जास्त झाल्याने काही बिघडत नाही, भूक राहून जाणे मात्र महागात पडते. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे मानता येते. संध्याकाळी अनेक बाळे थोड्या थोड्या वेळाने पिऊ पाहतात आणि त्याच वेळी दमलेलीही असतात, तेव्हा दोन्ही कारणे खरी असतात. अशा वेळी अंधारलेल्या, शांत खोलीत पाजावे.

थकलेल्या बाळाला शांत करताना दर मिनिटाला नवा उपाय करून पाहण्याचा मोह टाळावा, कारण प्रत्येक बदल त्याला पुन्हा जागे करतो. उजेड आणि आवाज कमी करून एकच गोष्ट सातत्याने करावी. जपानमधील रिकेन संस्थेच्या कुमी कुरोदा आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, रडणाऱ्या बाळाला कडेवर घेऊन 5 मिनिटे न थांबता चालावे आणि झोप लागल्यावर 5 ते 8 मिनिटे तसेच घेऊन बसून मग खाली ठेवावे. झोपवताना पाठीवरच आणि घट्ट, सपाट गादीवर ठेवावे. दुपट्यात गुंडाळण्याची सवय बाळ कुशीवर वळू पाहताच थांबवावी.

पाजले, झोपवून पाहिले, तरी रडणे थांबत नाही, असेही होते. निरोगी बाळांचे रडणेही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढून सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते. मात्र तीन महिन्यांखालील बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप, हिरवी उलटी, दूध नाकारणे, अंग लुळे पडणे किंवा रडण्याचा सूर एकाएकी बदलणे यांपैकी काहीही दिसल्यास ताबडतोब डॉक्टरांना गाठावे. आणि सांभाळणाऱ्याचाच धीर सुटू लागला, तर बाळाला सुरक्षित जागी पाठीवर ठेवून काही मिनिटे खोलीबाहेर जावे. त्याला गदागदा हलवणे मेंदूला इजा करणारे आणि जीवघेणे ठरू शकते.