अ‍ॅम्प डबीत कसा शिरला

ट्यूब अ‍ॅम्पची, म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरची, खरी मजा तो जोरात वाजवल्यावरच येते. पण 100 वॉटचा मार्शल अ‍ॅम्प बिल्डिंगमध्ये त्या पातळीवर वाजवणार कोण? खऱ्या अ‍ॅम्पच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या स्वस्त मॉडेलिंग अ‍ॅम्पचं मूळ या अडचणीत आहे.

दुसरी अडचण रेकॉर्डिंगची. डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज) लावलेली गिटार थेट मिक्सरला जोडली की नुसती किरकिरते. गिटारचा 12 इंची स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं गिळून टाकतो. तोच इथे मध्ये नसतो. बेसवाल्यांना हा जाच कमी. 1960च्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमर्सनचा बेस थेट कन्सोलमध्येच जायचा.

‘बॉस्टन’ बँडचा टॉम शोल्झ हा एमआयटीत शिकलेला इंजिनिअर. त्याने 1982 मध्ये पट्ट्याला अडकवता येणारा हेडफोन अ‍ॅम्प काढला, रॉकमन. पुढे 1989 मध्ये अँड्र्यू बार्टाचा सॅन्सअ‍ॅम्प आला. त्या एका पेडलमध्ये अ‍ॅम्प, स्पीकर आणि माइक या तिघांची नक्कल होती. हे दोन्ही अ‍ॅनालॉग. 1995 मध्ये रोलँड कंपनीच्या व्हीजी-8 या यंत्राने हे काम डिजिटल गणितावर सोपवलं, आणि 1998 मध्ये लाइन 6 कंपनीचा लाल पॉड आला, थेट राजम्याच्या दाण्याच्या आकाराचा. घरी रेकॉर्ड करणाऱ्यांचं नशीब पालटलं ते त्याने. आज ऐकला तर त्याचा हाय-गेन (जास्त डिस्टॉर्शनचा) आवाज पातळ वाटतो, पण तेव्हा टेबलावर मावणारे इतके अ‍ॅम्प दुसरीकडे मिळत नव्हते.

मग फ्रॅक्टल (2006) आणि केम्पर (2011) या कंपन्यांचे मॉडेलर आले. दर्जा वाढला, किंमतही. आता न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर खऱ्या अ‍ॅम्पचा आवाज न्यूरल नेटवर्कच्या (उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मदतीने शिकून घेतं, तेही फुकट.

म्हणून माझ्या मते दुकानात ‘किती मॉडेल्स?’ हा प्रश्न आता बिनकामाचा. गणित स्वस्त झालंय, स्पीकर नाही. विंडोज कॉम्प्युटरवर वाजवणार असाल तर ऑडिओ इंटरफेसचा (गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीचा) एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचा उशीर कमी ठेवणारं सॉफ्टवेअर, नीट चालतो का ते आधी बघा; तार छेडल्यावर आवाज उशिरा आला तर ताल हमखास घसरतो. बेसवाल्यांनी तर छोट्या गिटार अ‍ॅम्पच्या नादी लागूच नये. बेसची खालची ई तार 41 हर्ट्झवर वाजते, आणि छोट्या स्पीकरला तिचा तळ पेलत नाही. तेच पैसे इंटरफेस आणि बऱ्या हेडफोनला लावावेत.