चिनी चिपयंत्रांना गिऱ्हाईक कसे मिळाले

अमेरिकेने नाड्या आवळल्यावर चीनला चिपची आठवण झाली, असे सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात '९०८' आणि '९०९' हे सरकारी प्रकल्प १९९० च्या दशकातले. ९०९ मधून जपानच्या एनईसीबरोबर शांघायमध्ये हुआ होंग एनईसीचा कारखाना उभा राहिला. २००० साली त्याच शहरात एसएमआयसी ही इतरांच्या आराखड्यांनुसार चिप बनवून देणारी कंपनी सुरू झाली. २०१४ साली चिप उद्योगासाठी 'बिग फंड' हा सरकारी निधी निघाला: पहिला टप्पा सुमारे १३९ अब्ज युआन, २०१९ मध्ये दुसरा २०४ अब्ज, मे २०२४ मध्ये तिसरा ३४४ अब्ज.

पैसा असा ओतला जात होता, पण चिप बनवणारी देशी यंत्रे चिनी कारखान्यांनाच नको होती. त्याचे कारण साध्या गणितात आहे. प्रगत चिप जिच्यावर घडवतात ती सिलिकॉनची चकती, म्हणजे वेफर, पाचशेहून अधिक पायऱ्यांतून जाते, त्याला साधारण तीन महिने लागतात. ५०० पायऱ्यांपैकी प्रत्येक ९९.९ टक्के बिनचूक झाली, तर शेवटी ६० टक्के माल चांगला निघतो, ९९.५ टक्के झाली, तर जेमतेम ८ टक्के. अशा ठिकाणी अप्लाइड मटेरिअल्स किंवा लॅम रिसर्च या अमेरिकी कंपन्यांचे सिद्ध यंत्र बाजूला सारून नवख्या देशी यंत्रावर कोण जुगार खेळेल? आणि कारखान्यात रोज चालल्याशिवाय यंत्राचे दोषही कळत नाहीत. एचिंगची (वेफरवरचा नको तो भाग कोरून काढण्याची) यंत्रे करणारी चिनी कंपनी एएमईसी २००४ पासून, लिथोग्राफीची (वेफरवर प्रकाशाने नक्षी छापण्याची) एसएमईई २००२ पासून काम करत होती. यातली एएमईसी बरीच पुढे गेली, एसएमईई ९० नॅनोमीटरपाशी रेंगाळली (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग; आकडा जितका लहान, तितकी चिपची पिढी प्रगत).

हे गणित फिरवले ते निर्बंधांनी. ऑक्टोबर २०१८ मध्ये फुजियान जिनहुआ ही मेमरी कंपनी अमेरिकेच्या निर्बंध-यादीत (यादीतल्यांना परवान्याशिवाय अमेरिकी माल विकता येत नाही) गेली, पुरवठादारांचे अभियंते निघून गेले आणि तयार होत आलेला कारखाना अडकून पडला. मे २०१९ मध्ये हुआवे यादीत आली. पुढच्या वर्षीचा नियम जास्त जहाल होता: अमेरिकी यंत्रे किंवा सॉफ्टवेअर वापरून परदेशात बनलेली चिपही हुआवेला परवान्याशिवाय द्यायची नाही. सप्टेंबर २०२० च्या मध्यापासून हुआवेसाठी चिप बनवणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीचा माल बंद झाला. डिसेंबरमध्ये एसएमआयसीवरही पाळी आली. तिने डच कंपनी एएसएमएलकडून मागवलेले ईयूव्ही, म्हणजे सर्वांत प्रगत लिथोग्राफीचे, यंत्र तर नेदरलँड्सच्या परवान्याअभावी आलेच नव्हते.

खरी कोंडी इथे आहे. ईयूव्हीच्या प्रकाशाची तरंगलांबी १३.५ नॅनोमीटर, जुन्या इमर्शन डीयूव्हीची (भिंग आणि वेफर यांच्यामध्ये पाणी ठेवून छापणाऱ्या यंत्रांची) १९३; तरंगलांबी जितकी कमी, तितकी रेषा बारीक छापता येते. डीयूव्हीने एका छपाईत रेषांमधले अंतर सुमारे ८० नॅनोमीटरपेक्षा कमी करता येत नाही. मग युक्ती करतात. छापलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पातळ थर चढवायचा, मधली रेषा काढून टाकायची, की एकीच्या दोन होतात. हेच पुन्हा केले की चार. पण रेषा हव्या तिथे तोडायला वेगळे मास्क (नक्षीचे साचे) लागतात, आणि प्रत्येक मास्क आधीच्या थरावर काही नॅनोमीटरच्या आत बसला नाही तर जोडण्या चुकतात. पायऱ्या वाढल्या की वरचे गणित आणखी बिघडते. तरीही हे अशक्य नाही: टीएसएमसीची पहिली ७ नॅनोमीटर पिढी डीयूव्हीवरच निघाली. त्यामुळे ऑगस्ट २०२३ मध्ये हुआवेच्या मेट ६० प्रोमध्ये एसएमआयसीची ७ नॅनोमीटर चिप सापडली, तेव्हा झालेला गहजब थोडा जास्तच होता.

७ ऑक्टोबर २०२२ च्या नियमांनी १६/१४ नॅनोमीटर व त्याखालील लॉजिक (गणना करणाऱ्या) चिप, १८ नॅनोमीटर व त्याखालील डीरॅम (तात्पुरती मेमरी) आणि १२८ वा अधिक थरांची नँड (कायम साठवणुकीची मेमरी) बनवण्याची सामग्री अडवली. अमेरिकी नागरिकांना अशा कारखान्यांना मदत करायलाही परवाना लागू झाला. जुलै २०२३ पासून जपानने २३ प्रकारची सामग्री परवान्याखाली आणली, सप्टेंबरपासून नेदरलँड्सने प्रगत इमर्शन यंत्रे. दरवाजा बंद होताना मात्र चिनी गिऱ्हाइकांनी घाऊक खरेदी केली. २०२४ च्या पहिल्या दोन्ही तिमाहींत एएसएमएलच्या यंत्रविक्रीत चीनचा वाटा ४९ टक्के होता.

आता देशी यंत्र घेण्याखेरीज इलाज नाही, आणि म्हणूनच ते रोज चालवून सुधारता येते. निर्बंध घालणाऱ्यांना हे अपेक्षित नसावे. लिथोग्राफीत मात्र अजूनही परदेशी यंत्रांवर भिस्त आहे, आणि त्यांना सुटे भाग नि देखभाल लागतच राहते. यंत्रे घेऊन ठेवली, तरी वेफरवर लावायचा प्रगत फोटोरेझिस्ट (प्रकाश पडला की बदलणारे रसायन) प्रामुख्याने जपानमधूनच येतो, आणि तो काही महिन्यांतच खराब होत असल्याने वर्षानुवर्षे साठवून ठेवता येत नाही.