व्यायाम आणि संगीत

व्यायामाच्या आधी, व्यायाम करताना किंवा नंतर संगीत ऐकल्याने श्रमाची जाणीव, हालचालीची लय आणि कामगिरी यांवर होणारा परिणाम. संगीताने स्नायूंत नवी ताकद येत नाही. ते एकीकडे थकव्यावरून लक्ष उडवते आणि दुसरीकडे हातापायांना ठेका देते. ही दोन वेगळी कामे आहेत. गाणे निवडताना त्यांचीच गल्लत होते.

या विषयावरचे जुने निरीक्षण अमेरिकी अभ्यासक लिओनार्ड एअर्स यांचे (१९११). न्यूयॉर्कमधील सहा दिवसांच्या सायकल शर्यतीत बँड वाजत असताना स्वारांचा वेग ताशी सरासरी १९.६ मैल होता, बँड बंद असताना १७.९. अर्थात बँडबरोबर प्रेक्षकही पेटतात, हे धरूनच हा आकडा वाचावा. पुढे लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठाचे कॉस्टस कारागेऑर्गिस आणि सहकाऱ्यांनी या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. हलक्या ते मध्यम श्रमात संगीतामुळे थकवा साधारण १० टक्क्यांनी कमी जाणवतो. श्रम वाढून धाप लागली, की छाती आणि पायांची हाक गाण्यावर मात करते. बोलत बोलत धावता येते तोवर लक्ष उडवण्याचा उपाय चालतो; त्यापुढे उपयोग झालाच तर ठेक्याचा. २०१२ च्या एका प्रयोगात ठेक्याशी पेडल जुळवणाऱ्या सायकलस्वारांना, किंचित संथ संगीत ऐकताना लागला त्यापेक्षा सुमारे ७ टक्के कमी प्राणवायू पुरला.

संगीत आणि व्यायाम दोन्ही जोपासणाऱ्या बडोद्याला यात नवल वाटू नये. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांची गायनशाळा इथे १८८६ मध्ये सुरू झाली, आणि जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रा. माणिकरावांनी संघव्यायामाला वळण दिले. ठेक्यावरचा व्यायाम पाहायचा तर लेझीम पाहावी. ढोल-ताशावाला लय धरतो आणि पन्नास मनगटे एकदम वळतात. तो घाईने दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत गेला, की बैठकीच्या पावलात गुडघे पुरते वाकत नाहीत, माणसे कमरेतून झुकतात आणि दुसऱ्या दिवशी पाठ धरते. लय वाढवायची ती सगळ्यांची बैठक पुरी होते आहे हे पाहून, टप्प्याटप्प्याने.

बडोद्याच्या कमाटीबागेत फिरणाऱ्याने आधी गाणे नव्हे, पावले मोजावीत. नेहमीच्या चालीने अर्ध्या मिनिटात किती पडतात ते मोजून दुप्पट करावी. झपाझप चालीत मिनिटाला ११० ते १२० भरतात. गाण्याचे ठोके तितकेच हवेत. धावताना पावले १६० ते १८० होतात. एवढे जलद गाणे शोधत बसू नये, ८० ते ९० ठोक्यांचे घेऊन ठोक्याला दोन पावले टाकावीत. गाण्याचे ठोके पंधरा सेकंद मोजून चौपट केले की झाले. गरब्याचा सहा मात्रांचा ताल, हींच, इथे फसवतो. मात्रेला एक पाऊल टाकले तर तीन-तीन मात्रांचा जोर एकदा डाव्या, एकदा उजव्या पायावर येतो आणि चाल अडखळते. जोराच्या मात्रेवरच पाऊल टाकावे, नाहीतर सरळ आठ मात्रांचा केहरवा लावावा. त्यात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सतत एकाच पायावर येते.

वजन उचलताना आवडीचे, जोमदार गाणे सेटच्या आधी लावलेले बरे. सूर्यनमस्कारात श्वास हाच ताल असतो. तिथे गाणे नकोच. मल्लखांबावर तर कधीच नको, कारण वस्तादाची हाक ऐकू आली नाही तर पकड चुकते. रस्त्यावर धावताना एक कान मोकळा ठेवावा. आवाज एवढाच असावा, की शेजारच्याचे साधे बोलणे कळेल.

अधिकृत ॲथलेटिक्स स्पर्धांत धावपटूला कानात संगीत लावता येत नाही. म्हणून आठवड्यातून एक-दोन सराव संगीताशिवाय करावेत, नाहीतर स्पर्धेच्या दिवशी वेगाचा अंदाज चुकतो. व्यायाम संपल्यावर जलद गाणे लगेच बंद करावे आणि संथ, शब्दांविना वाद्यसंगीत लावावे. श्वास लवकर बसतो.