चित्र दिसते, आवाज येत नाही : पेनड्राइव्हवरील फाइल आणि आपला टीव्ही

गणपतीच्या दिवसांत आमच्या मालवणच्या दुकानात टीव्हीच्या तक्रारी वाढतात आणि त्यांपैकी बऱ्याच वेळा टीव्हीत काहीच बिघाड नसतो. मुंबईहून आलेले चिरंजीव गतवर्षीच्या दशावतारी नाटकाचे चित्रण पेनड्राइव्हमध्ये घेऊन येतात, आरती आटोपल्यावर वाडीतली मंडळी पडवीत जमतात, पडद्यावर संकासुर नाचू लागतो आणि पखवाज, झांज, पायपेटी यांपैकी कशाचाही आवाज येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्पीकर गेला म्हणून आम्हाला फोन येतो. ही धावपळ वाचावी, म्हणून हे पत्रक आम्ही ग्राहकांच्या हाती देत आहोत.

फाइलच्या नावाशेवटी दिसणारी एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही ही अक्षरे केवळ डब्याची नावे आहेत. एकाच आकाराच्या डब्यात एका घरी आमसुले असतात, तर दुसऱ्या घरी सुके बांगडे. त्याचप्रमाणे एकाच एमकेव्ही डब्यात चित्र आणि आवाज निरनिराळ्या पद्धतींनी भरलेले असू शकतात. या भरण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. टीव्हीला डबाही उघडता यावा लागतो, आतल्या चित्राचे कोडेकही समजावे लागते आणि आवाजाचेही; यांपैकी जे जमत नाही तेवढेच अडते, आणि म्हणूनच चित्र सुरळीत चालत असताना आवाज मात्र बंद राहू शकतो. फाइलचे नाव बदलून एमकेव्हीच्या जागी एमपी४ लिहिल्याने आतला माल बदलत नाही. (हा प्रयोग करून आलेले ग्राहक आम्हाला दरवर्षी भेटतात.)

वर सांगितलेल्या नाटकाची फाइल आम्ही संगणकावर उघडून पाहिली, तेव्हा कारण लगेच कळले. व्हिडिओग्राफरच्या कॅमेऱ्याने एमओव्ही डब्यात आवाज पीसीएम स्वरूपात, म्हणजे न आवळता (कॉम्प्रेस न करता), तासाला सुमारे ६९० एमबी या हिशेबाने साठवला होता आणि त्या टीव्हीला त्या डब्यातला असा आवाज घेता येत नव्हता. चित्राला हात न लावता फक्त आवाज एएसी या आवळून साठवण्याच्या पद्धतीत बदलून नवा एमपी४ डबा केला. काम काही मिनिटांत झाले आणि चित्राचा दर्जा तसूभरही घटला नाही. चित्रपटांच्या फाइलींत हीच अडचण बहुधा डीटीएस या कोडेकमधील आवाजामुळे येते. डीटीएस वापरण्यासाठी टीव्ही उत्पादकाला परवाना घ्यावा लागतो आणि काही कंपन्या आपल्या काही मॉडेलांत तो घेत नाहीत, त्यामुळे शेजाऱ्यांच्या टीव्हीवर चाललेली फाइल आपल्याकडे मुकी राहिली तरी त्यात नवल नाही.

चित्राच्या बाबतीत २००३ साली आलेली एच.२६४ ही पद्धत आजही सर्वांत भरवशाची आहे. २०१३ मधील एच.२६५, अर्थात एचईव्हीसी, तेवढ्याच दर्जाचे चित्र साधारण निम्म्या जागेत बसवते. परंतु जुन्या एलईडी टीव्हींना ती वाचता येत नाही आणि तेथे फक्त आवाज येऊन पडदा काळा राहतो. आयफोनवर चित्रण करणाऱ्यांनी सेटिंग्जमधील कॅमेऱ्याच्या फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय आधीच निवडावा, म्हणजे चित्रण एच.२६५ऐवजी एच.२६४ मध्ये होते. चित्रण झाल्यावर पद्धत बदलता येते, परंतु त्यासाठी संपूर्ण चित्र नव्याने आवळावे लागते, वेळ लागतो आणि दर्जाही थोडा उतरतो. लग्नाचे किंवा नाटकाचे काम देताना व्हिडिओग्राफरकडे १९२० × १०८० आकाराची, ८-बिट एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज असलेली एमपी४ प्रत स्पष्ट शब्दांत मागावी.

पेनड्राइव्हचाही विचार करावा लागतो. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही, मग पेनड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. सेकंदाला ८ मेगाबिट या वेगाने साठवलेले चार तासांचे नाटक १४.४ जीबी भरते, म्हणून त्याचे भाग तरी करावे लागतात किंवा पेनड्राइव्ह एक्सफॅट अथवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करावा लागतो. मात्र एक्सफॅट जुने टीव्ही ओळखतीलच असे नाही. फॉरमॅट केल्याने आतले सर्व पुसले जाते, हे कृपया लक्षात घ्यावे. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पेनड्राइव्हची टोके काळवंडतात, तेव्हा पेनड्राइव्ह मुळीच दिसत नसेल तर फाइलला दोष देण्यापूर्वी टोके कोरड्या मऊ कापडाने पुसून पाहावीत.

फाइलच्या आत काय आहे हे घरच्या संगणकावर व्हीएलसी या मोफत प्लेअरच्या टूल्स मेनूतील कोडेक माहितीत पाहता येते. तेथील चित्र आणि आवाजाच्या ओळी टीव्हीच्या माहितीपुस्तिकेतील यूएसबी प्लेबॅकच्या तक्त्याशी जुळवून पाहाव्यात. हे जमत नसल्यास पेनड्राइव्ह आणि टीव्हीच्या मागील स्टिकरवरील मॉडेल क्रमांकाचा मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन दुकानात यावे. टीव्ही रिक्षात घालून आणण्याची गरज नाही. रूपांतर आम्ही नेहमी प्रतीवरच करतो, तरीही मूळ फाइल घरी वेगळी जपून ठेवावी.